आब, बट्टा आणि कल्हई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इंग्रजीतल्या एका शब्दाशी माझी पहिली ओळख झाली ती पुस्तकात नाही, टपालाच्या पाकिटात. साल १९८४. मी नववीत होतो. लालबागच्या आमच्या चाळीत अब्बांच्या नावानं रजिस्टर पत्र आलं. पोस्टमननं सही घेतली. अब्बांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. आमच्या मजल्यावर इंग्रजी 'येणारा' असा मीच होतो, म्हणजे सहावी-सातवीपासून धडे पाठ करून पास होणारा.

पत्र गिरणीचं होतं. संपाच्या काळात अमुक तारखेला तुम्ही दरवाजावर उभे राहून कामावर जाणाऱ्यांना अडवलंत, गैरवर्तन केलंत, आणि गिरणीचं चांगलं नाव 'टार्निश' केलंत, असा त्याचा मथितार्थ. बाकीचं कसंबसं जुळवून मी सांगितलं. या एका शब्दापाशी अडलो. अब्बा म्हणाले, "पुढं जा, तो शब्द उद्या विचार सरांना."

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या सरांना विचारलं. सर चांगले होते. अर्थ सांगण्याऐवजी त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या घरी पितळेचा तांब्या आहे?" म्हटलं, "आहे." "चार दिवस घासला नाही तर काय होतं?" "काळा पडतो." "तेच ते," सर म्हणाले, "टार्निश म्हणजे तेच."

घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळं गिरणी काळी पडली?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आता पंचावन्न वर्षांचा झालो, तेव्हा आज त्या शब्दाची आणि त्याच्या मराठी भावंडांची हकिकत सांगायला बसलो आहे.

इंग्रजीनं हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये 'तेर्न' म्हणजे निस्तेज, मंद. आणि 'तेर्नीर' म्हणजे निस्तेज होणं किंवा करणं. सोळाव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत चांगला रुळला होता. आधी तो धातूच्या, आरशाच्या, रंगाच्या बाबतीत वापरला जाई. माणसाच्या नावलौकिकाला तो मागाहून चिकटला. याच 'तेर्न'वरून कारखानदारीतही एक नाव आलं. पोलादी पत्र्यावर शुद्ध कथलाचा मुलामा दिला तर पत्रा लखलखतो, पण कथलात शिसं मिसळून मुलामा दिला तर तो मंद दिसतो. अशा पत्र्याला 'टर्न प्लेट' म्हणतात. छपरांना आणि मोटारींच्या पेट्रोलच्या टाक्यांना तो पुष्कळ वापरला गेला.

पण खरी गंमत त्याच्या मागची आहे. बऱ्याच व्युत्पत्तिकारांच्या मते हा फ्रेंच शब्द मुळात जर्मन कुळातला असावा. जुन्या जर्मनमध्ये त्याच्याशी नातं सांगणाऱ्या क्रियापदाचा अर्थ होता लपवणं, झाकणं. 'नीबेलुंगेनलीड' हे मध्ययुगीन जर्मन महाकाव्य साधारण सन १२००च्या सुमाराचं. त्यात सीगफ्रीड नावाच्या वीराजवळ अंगावर घेताच माणूस अदृश्य होणारं एक वस्त्र आहे. त्याचं नाव 'टार्नकाप्पे'. आजच्या जर्मनमध्येही सैनिकांनी रंग आणि पाला लावून स्वतःला लपवण्याला 'टार्नुंग' म्हणतात. म्हणजे हे नातं खरं धरलं, तर 'टार्निश' या शब्दाच्या पोटात मळवणं नाही, झाकणं आहे. धातूची झळाळी गेलेली नसते, ती आड झालेली असते. हे मला त्या नववीच्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

रसायनशास्त्रही थोडंफार हेच सांगतं. चांदी काळी पडते ती धुळीनं नव्हे. हवेत गंधकाचे वायू असतात. गटारं, खाड्या, धूर असलेल्या शहरात ते जास्त असतात. त्यांचा आणि चांदीच्या वरच्या थराचा संयोग होतो आणि तिथं काळा सल्फाइड तयार होतो. तांब्यावर हिरवट थर चढतो. म्हणजे तो काळेपणा परका नसतो, धातू आणि हवा या दोघांनी मिळून तो केलेला असतो. पैंजण पावडरीनं घासले की लखलखतात, पण दर वेळी त्या काळ्या थराबरोबर चांदीचा कणही निघून जातो. तेच पैंजण ॲल्युमिनियमच्या भांड्यात, भांड्याला टेकतील असे ठेवून, गरम पाणी आणि सोडा टाकला, तर गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि काळी झालेली चांदी पुन्हा चांदीच होते. घासण्यात घट आहे, या उपायात नाही. विज्ञानाच्या मास्तरांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा, मुलं विसरणार नाहीत.

आता भांड्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या मामूंची आठवण काढायलाच हवी. माझ्या आईचं माहेरचं आडनाव कलईगर. सातारा-सांगली भागात मुसलमानांत हे आडनाव आहे. मामू वर्षातून दोनदा, रमजान ईदच्या आधी आणि गणपतीच्या आधी, मुंबईला यायचे. लालबाग, परळ, काळाचौकी, कधी गिरगावातल्या वाड्यांपर्यंत फिरायचे. खांद्यावर भाता, पिशवीत कथलाची कांडी, नवसागर, कापूस. चाळीच्या आवारात छोटा खड्डा करून कोळसा पेटवायचे. "कल्हई...ई" अशी त्यांची हाक चौथ्या मजल्यापर्यंत जायची, आणि गॅलऱ्यांतून पातेली, तपेली, पराती, पोह्यांच्या कढया खाली यायला लागायच्या.

काम पाहण्यासारखं असे. भांडं आधी स्वच्छ करायचं. मग निखाऱ्यावर तापवायचं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. भपकन पांढरा धूर निघायचा आणि नाकात जायचा. तो नवसागर तांब्या-पितळेवरचा काळा थर सोडवतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, तांब्याला वितळायला १,०८५ अंश लागतात. म्हणून तांबं जागच्या जागी राहतं आणि कथील पाण्यासारखं धावतं. कापसाचा बोळा फिरला की काळ्या पातेल्याच्या पोटात चांदणं पडल्यासारखं व्हायचं. मग चिमट्यानं धरून बादलीतल्या पाण्यात, चर्र असा आवाज. आम्ही पोरं त्या आवाजासाठी तासन् तास बसायचो.

'कल्हई' हा शब्द अरबी. अरबीत 'कलई' म्हणजे कथील. मलाया द्वीपकल्पातल्या 'कलाह' नावाच्या बंदरावरून हे नाव पडलं असं मानतात, कारण जुन्या काळी कथील तिकडून जहाजांनी यायचं. म्हणजे मलायातला धातू, अरबांचा शब्द, तांबटानं घडवलेलं पातेलं, आणि त्यात शिजणारी कुणाची आमटी, कुणाचा पुलाव. मुंबईत ही भांडी मिळण्याची मोठी जागा म्हणजे पायधुणीजवळचा तांबाकाटा. तांबं तोलण्याच्या काट्यावरूनच त्या भागाला नाव मिळालं.

कल्हई कशासाठी? शोभेसाठी नव्हे. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमसुलाचं सार, चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. हिरवट होते, तोंड वाईट करते, पोटही बिघडवते. 'कळकणं' हे मराठीतलं अस्सल स्वयंपाकघरातलं क्रियापद. संस्कृतातल्या 'कलंक' शब्दाचा एक अर्थ डाग आणि दुसरा अर्थ धातूवर चढणारा गंज. चंद्राला असतो तोही कलंक आणि पातेल्याला चढतो तोही कलंक. आपण कुलाला कलंक लागला म्हणतो तेव्हा नकळत स्वयंपाकघरातली भाषा बोलत असतो. मात्र मामू म्हणायचे ते वेगळंच. ते म्हणायचे, "भांडं वाईट नसतं रे, कल्हई उडालेली असते. ज्यानं वेळेवर करून घेतली नाही त्याला विचारा."

मराठीत नाव खराब होण्याला आणखी एक शब्द आहे, बट्टा. 'घराण्याच्या नावाला बट्टा लावलास,' असं बाप मुलाला म्हणतो. हा शब्द स्वयंपाकघरातून नाही, सराफाच्या पेढीवरून आला. आज रुपया म्हणजे रुपया. पेशवाईत आणि कंपनीच्या सुरुवातीच्या काळात तसं नव्हतं. अंकुशी, चांदवडी, सुरती असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. प्रत्येकाचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. त्यात नाणं हातोहात फिरून झिजलेलं असे. मग सराफ ते वाजवून बघे, कसोटीच्या दगडावर घासून बघे, तोलून बघे, आणि जेवढी तूट तेवढा बट्टा कापून घेई. १८३५ साली कंपनीनं आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा, १८० ग्रेनांचा म्हणजे एका तोळ्याचा रुपया ठरवला. तो मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीतही पडू लागला. हळूहळू नाण्यांचा बट्टा बाजारातून गेला, पण भाषेत राहिला. 'खणखणीत नाणं', 'वाजवून घेणं', 'कसाला लागणं', 'चोख' ही सगळी त्या पेढीवरचीच मंडळी.

बट्ट्याची एक गोष्ट मला फार लक्षात ठेवण्यासारखी वाटते. सराफ नाण्याला दोष देत नसे. नाणं फिरलं म्हणून झिजलं, हे त्याला ठाऊक असे. तो फक्त किती कमी झालं ते बघे, आणि बघितल्याशिवाय कापत नसे. तोलल्याशिवाय बट्टा लावला तर त्या सराफाचीच पेढी बसली असती.

तिसरा शब्द माझ्या घरचा आहे आणि तुमच्याही. अब्रू. फारसीत 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. पण फारसीत 'आब'चा अर्थ नुसतं पाणी नव्हे, तेज, झळाळी हाही आहे. मोत्याची आब असते, तलवारीची आब असते. आणि मराठीनं हा शब्द घेताना त्याचा भाव पुरता ओळखलेला होता, कारण मराठीतही पाण्याला हाच अर्थ आहे. आपण पाणीदार मोती म्हणतो, पाणीदार डोळे म्हणतो, तलवारीला पाणी देतो. म्हणजे इंग्रजी 'टार्निश' जे करतो, झळाळी घालवतो, ती झळाळी म्हणजेच आपली आब. इंग्रजांचा शब्द धातूकडून माणसाकडे आला. आपला शब्द मुळातच माणसाच्या चेहऱ्यावर बसलेला आहे.

या देवघेवीत अर्थ कसे बदलतात त्याचीही एक गंमत सांगतो. आमच्या घरात 'इबरत' म्हणजे धडा, दुसऱ्याचं पाहून घ्यायची शिकवण. तोच अरबी शब्द मराठीत 'इभ्रत' झाला आणि त्याचा अर्थ झाला प्रतिष्ठा. लहानपणी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, घराच्या इभ्रतीचा प्रश्न आहे," तेव्हा मला वाटलं की त्यांच्या घरी कुणीतरी धडा घेणार आहे. आता वाटतं, माझी समजूत अगदीच चुकीची नव्हती.

अब्रूला कायद्यानं किंमत लावायची पद्धत इंग्रजांच्या कोर्टांबरोबर आली, आणि अब्रूनुकसानीचे दोन गाजलेले खटले आपल्या या मुंबईतच चालले. ते थोडक्यात सांगतो, कारण दोन्हींतून निरनिराळं कळतं.

पहिला १८६२चा, महाराज लायबल केस म्हणून प्रसिद्ध असलेला. करसनदास मुळजी नावाच्या तरुण गुजराती सुधारकानं 'सत्यप्रकाश' पत्रात २१ ऑक्टोबर १८६० रोजी लेख लिहून काही धर्माचार्यांच्या वर्तनावर टीका केली. जदुनाथजी महाराजांनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. २५ जानेवारी १८६२ला सुनावणी सुरू झाली. कोर्टाबाहेर गर्दी मावत नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी साक्ष दिली. करसनदासांचा बचाव एकच होता, मी लिहिलं ते खरं आहे. २२ एप्रिलला निकाल लागला आणि तो बचाव मान्य झाला. खऱ्यानं जर कुणाचं नाव काळं पडत असेल, तर लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, हे त्या दिवशी या शहरानं ऐकलं.

दुसरा बरोबर वीस वर्षांनंतरचा, १८८२चा. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा तिथले कारभारी छळ करतात, अशा अर्थाचा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा' पत्रांतून आला. पुरावा म्हणून जी पत्रं हाती आली होती ती बनावट निघाली. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे पुढे आले. मुंबईच्या हायकोर्टात जुलै १८८२मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघंही जेमतेम सव्वीस वर्षांचे. डोंगरीच्या तुरुंगात एका खोलीत त्यांनी एकशे एक दिवस काढले. आगरकरांनी पुढं त्यावर पुस्तकच लिहिलं. २६ ऑक्टोबरला ते सुटले तेव्हा लोक त्यांना आणायला तुरुंगाच्या दाराशी उभे होते.

बघा, कोर्टानं एकाला निर्दोष म्हटलं, दुसऱ्या दोघांना दोषी. पण लोकांच्या नजरेत तिघांच्याही नावाला बट्टा लागला नाही. कारण लोकांनी त्यांना वाजवून पाहिलं होतं.

भारतीय दंडविधान १ जानेवारी १८६२ला अमलात आलं. त्यातलं ४९९ कलम अब्रूनुकसानीचं. ते दीडशेहून अधिक वर्षं चाललं. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम आलं आहे, आणि शिक्षेत समाजसेवेची नवी तरतूद आहे. कायदा सुधारतो, चांगलं आहे. पण श्रोतेहो, या सगळ्या खटल्यांत दावा लावणारे कोण होते? आचार्य, कारभारी. ज्यांच्या अब्रूला किंमत होती ते. महाराजांनी पन्नास हजार सांगितले. माझ्या मनात येतं, साच्यावरच्या एका बदली कामगाराच्या अब्रूचे किती सांगितले असते?

आता पुन्हा त्या पत्राकडे येतो.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं. डॉ. दत्ता सामंत त्यांचे पुढारी. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. माणसं थकत गेली, पोट मागे ओढत गेलं, काही परत गेली, पुष्कळांना परत घेतलं नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत चाळीतल्या फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. आधी हंडे गेले, मग घंगाळ, मग परात. मोडीच्या भावानं. मोडवाला भांडं उलटं करून डागाचं वजन अंदाजानं वजा करायचा, मळाचंही करायचा. आईनं विकायच्या आधी प्रत्येक भांडं चिंचेनं घासलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वितळवायलाच नेणार ना ते, कशाला घासताय?" आई म्हणाली, "नाव आहे त्यावर."

तुमच्याकडेही असतील तशी भांडी. काठाखाली छिन्नीनं ठिपके ठिपके ठोकून घातलेलं नाव, खाली तारीख, कधी लग्नाची, कधी बारशाची. आमच्या भांड्यांवर आईचं नाव देवनागरीत होतं. सातारच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्याला तीच लिपी येत होती, आणि आईलाही तीच वाचता येत होती.

संपाचं दुसरं वर्ष निम्मं झालं तेव्हा माझे दादाजी गावी वारले. चाळिसाव्यापर्यंत अब्बा गावीच होते. पत्रात दरवाजावरच्या गोंधळाची जी तारीख होती, ती त्याच दिवसांतली. अब्बा मुंबईत नव्हतेच. त्यांच्या नावाचे साचेखात्यात तिघं होते. आमच्यात काही नावं अशी आहेत की एका खात्यात तीन, एका गल्लीत तीस. बिल्ल्याचा नंबर बघितला असता तर कळलं असतं. कुणी बघितला नाही. दुसरा तो कोण होता हे अब्बांना माहीत होतं. मी म्हटलं, लिहूया त्याचं नाव. अब्बा म्हणाले, "त्याला चार लेकरं आहेत. तू फक्त लिही, मी तिथं नव्हतो."

मी मराठीत लिहिलं. वहीच्या कागदावर, समास सोडून. तीन वाक्यं होती. मी त्या दिवशी गावी होतो. ग्रामपंचायतीचा दाखला जोडला आहे. माझं नाव तपासून घ्यावं. अब्बा स्वतः जाऊन दरवाजावर ते देऊन आले. पोच मिळाली नाही, उत्तरही आलं नाही. पुढं त्यांनी गिरगावात एका इमारतीच्या दाराशी रखवालदारी केली. तिथल्या लोकांनी त्यांना फार मानानं वागवलं. पण कुणी "पूर्वी कुठं होतात?" असं विचारलं की ते गिरणीचं नाव घ्यायचे नाहीत. "होतो परळला," एवढंच म्हणायचे. गिरणीनं म्हटलं होतं की यानं आमचं नाव काळं केलं, तर यानं ते आयुष्यभर तोंडातूनच काढलं नाही.

मला त्या 'टार्नकाप्पे'ची आठवण होते ती इथं. सीगफ्रीडनं ते वस्त्र स्वतः अंगावर घेतलं होतं, हवं तेव्हा काढता येत होतं. माझ्या वडिलांच्या अंगावर ते दुसऱ्यानं टाकलं. अडीच लाखांमधल्या अशा किती जणांवर टाकलं गेलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. संपाचा इतिहास लिहिताना आपण मजुरीचा, बोनसचा, जमिनीचा हिशेब करतो, तो केलाच पाहिजे. पण नावांचाही एक हिशेब होता.

ती गिरणी पुढं बंद पडली. चिमणी पाडली. आज तिथं काचेचा उंच मनोरा आहे आणि त्याला दुसरंच, बाहेरदेशी वाटणारं नाव आहे. ज्या चांगल्या नावासाठी ते रजिस्टर पत्र पाठवलं होतं, ते नाव आता त्या रस्त्यावर कुठंही लिहिलेलं नाही. बसच्या कंडक्टरनंही ते घ्यायचं सोडलं. मला याचा आनंद होत नाही. अब्बांनी तिथं एकोणीस वर्षं काढली होती, त्यांचंही त्या नावात काही होतंच.

काळ्या रंगावर मात्र या सगळ्यात अन्याय झाला. इंग्रजीत बदनाम करण्याला 'डेनिग्रेट' असा आणखी एक शब्द आहे, त्याचा मूळ लॅटिन अर्थ काळं करणं. आपल्याकडे काळिमा, काळं तोंड, काळी यादी. पण पंढरपूरचा विठोबा काळा आहे. काबागृहाच्या भिंतीतला दगड काळा आहे. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. माझी पाटी काळी होती म्हणून त्यावरचं अक्षर दिसलं. काळं पडणं म्हणजे वाईट होणं, हे भांड्याच्या बाबतीतही पूर्ण खरं नाही. जुन्या इमारतींच्या तांब्याच्या छपरावर जो हिरवा थर चढतो, तो खालच्या तांब्याला राखतो. घासून काढला तर छप्पर लवकर झिजेल.

मामू गेले. त्यांच्या मुलांनी तो धंदा केला नाही. स्टील आलं, हिंडालियम आलं, बोहारणी जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागल्या, आणि कल्हईची हाक चाळींतून गेली. पण पूर्ण गेली नाही. गेल्या वर्षी ईदच्या आधी भेंडीबाजारात एका बोळात एक म्हातारे गृहस्थ भट्टी लावून बसलेले दिसले. हल्ली त्यांच्याकडे हॉटेलवाल्यांच्या देगा येतात, आणि तांब्याच्या भांड्यांची नवी हौस लागलेले लोकही येतात. आमच्या घरी संपातून वाचलेलं एकच पातेलं आहे. ते आईनं विकलं नाही, कारण घरात शिजवायला एक तरी मोठं भांडं हवंच होतं. मी ते घेऊन गेलो.

त्यांनी ते उलटं करून पाहिलं. बाहेरून ते पार काळं झालं होतं. आतली कल्हई कित्येक वर्षांपूर्वीच उडालेली. त्यांनी अंगठ्यानं काठाखालचा भाग पुसला. वर्षानुवर्षं राखेनं, चिंचेनं घासून ठिपके पुसट झाले होते. त्यांनी विचारलं, "आतून कल्हई करतो. बाहेरून मशीनवर पॉलिश करून आणू का? नव्यासारखं दिसेल."

मी विचारलं, "नाव राहील?"

ते म्हणाले, "नाव जाईल. आधीच थोडं राहिलंय."

म्हटलं, "मग बाहेरून राहू द्या तसंच."

त्यांनी मान डोलावली आणि भाता हलवायला घेतला. नवसागराचा तोच पांढरा धूर निघाला, तोच नाकात गेला. काम झालं तेव्हा पातेल्याच्या पोटात माझा चेहरा दिसत होता. पैसे देताना त्यांनी सहज विचारलं, "कुणाचं आहे हे?"

मी आईचं नाव सांगितलं. मग अब्बांचं पूर्ण नाव सांगितलं, आणि गिरणीत कुठल्या खात्यात होते, बिल्ला नंबर काय होता, तेही सांगितलं. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्यांनी ऐकून घेतलं.